कॉफी रंगाचे सांधे

एक मग पाणी पुरे होतं. तिने ते घमेल्यात ओतलं, रिकामा मग पुन्हा बादलीत बुडवला आणि अर्धा आणखी ओतला. लोण्यासारखी घट्ट झालेली कॉफी रंगाची पूड बघता बघता ताकासारखी पातळ झाली. मग तिने लोखंडी पट्टी घेऊन ती अशी घुसळली की वर फेस आला. फरशीच्या सांध्यांत भरायच्या मालाला फेस येऊ द्यायचा नसतो. त्यात हवा अडकते, आणि माल वाळला की तीच हवा सुईच्या टोकाएवढी भोकं पाडून बाहेर येते. तिला हे चांगलं माहीत होतं. म्हणून तर ती हात दुखेपर्यंत घुसळत होती.

"ताई, चहा टाकू?" जावेने आतून विचारलं.

"टाक. साखर सढळ हाताने घाल," ती म्हणाली. आज तिला गोड खावंसं वाटत होतं.

कामावर सगळे तिला सांधेवाली म्हणत. नवरा फरशी बसवणारा मिस्त्री. त्याने फरशा बसवायच्या आणि हिने मागून गुडघ्यांवर सरकत त्यांच्यामधल्या फटी भरायच्या, पुसायच्या, असा त्यांचा संसार. माणसं फरशी बघून वाहवा करत, सांध्यांकडे कोणाचं लक्ष जात नसे. ती म्हणायची, चांगला सांधा दिसतच नाही, वाईट असला तरच दिसतो. हे बोलताना पूर्वी तिला थोडा अभिमान वाटायचा. आता नुसता राग यायचा.

आज ज्या बैठकीत ती सांधे भरायला बसली होती ती तिच्या धाकट्या दिराची होती. दीर ठेकेदार झाला होता आणि त्याने स्वतःसाठी नवं घर बांधलं होतं. बैठकीत साईच्या रंगाच्या मोठ्या थोरल्या फरशा होत्या, आणि जावेने हौसेने सांध्यांना गडद कॉफी रंग निवडला होता. तो रंग दुकानात ठरवला हे ऐकून सांधेवालीला मनातून हसू फुटलं होतं. मालात पाणी जास्त झालं की सांध्यावर पांढरा खार फुटतो, पण पांढऱ्या सांध्यात तो लपून जातो. कॉफीवर एक कण दिसला तरी लांबून डोळ्यांत भरतो.

ठेकेदार फोनवर बोलत बोलत आला आणि दारातच थांबला. फोनवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात म्हणजे मला बघायलाच नको." आणि खरंच न बघता निघून गेला. न बघणं ही त्याची जुनीच खोड.

तिने रबरी पट्टी तिरकी धरून माल फटींत ओढायला सुरुवात केली. पातळ मालाचा एक गुण असतो, गोडबोल्या माणसासारखा तो कुठेही पटकन शिरतो. तिचं काम भराभर उरकलं. मग तिने स्पंज बादलीत बुडवला आणि न पिळता, ठिबकत्या पाण्यासकट, नुकत्या भरलेल्या सांध्यांवरून फिरवला. रंग सुटून पाण्याबरोबर वाहू लागला. बादलीतलं पाणी चहासारखं झालं तरी तिने ते बदललं नाही.

स्पंज पिळायला तिला मिस्त्रींनी शिकवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा कामावर नेलं तेव्हा त्यांनी तिला थापीला हात लावू दिला नव्हता, आधी स्पंज. तिने पिळला की ते तो तिच्या हातातून घ्यायचे आणि आपल्या मुठीत दाबायचे. थेंब पडला की काही न बोलता परत द्यायचे. ती चिडायची, रडायची, रात्री भाकरी आपटायची. मग एक दिवस त्यांनी मूठ दाबली आणि थेंब पडला नाही. त्या दिवसानंतर त्यांनी तिचा स्पंज कधीही हातात घेतला नाही. बाकीच्या बायकांना नवऱ्याने काय काय दिलं ते त्या सांगत बसायच्या, हिला सांगायला एवढंच होतं आणि तिला ते पुरत होतं.

चहा आला. जाऊ दाराच्या उंबऱ्याशी टेकली आणि कौतुकाने फरशीकडे बघत राहिली. जाऊ मनाने काही वाईट नव्हती. बोलता बोलता म्हणाली, की रंग जरा फिका वाटतोय का? सांधेवालीने सांगितलं, ओला आहे, वाळला की बसेल. खोटं बोलताना तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

---

डूख धरायला कारण होतं.

हा दीर तिच्या हाताखाली मोठा झालेला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जात होता. सासू-सासरे लवकर गेले, याची आजारपणं तिने काढली, याचे सदरे तिने शिवले. मिस्त्रींनी त्याला फरशी बसवायला शिकवलं, पण त्याला गुडघ्यांवर बसायचा कंटाळा. बोलण्यात मात्र तो तरबेज होता. चार माणसं जमवून त्याने ठेकेदारी सुरू केली, आणि थोरला भाऊ धाकट्याच्या हाताखाली मिस्त्री म्हणून काम करू लागला. मिस्त्रींना त्यात कमीपणा वाटला नाही. उलट ते चारचौघांत सांगायचे, आमचा धाकटा आता आमचा साहेब झाला.

मग दवाखान्याचं काम आलं. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या. मिस्त्रींनी फरशी बसवली, तिने सांधे भरले. शेवटचे सांधे ओले असतानाच ठेकेदार धावत आला. उद्घाटन अलीकडे ओढलं होतं, सकाळीच पाहुणे येणार होते, आणि फरशीवर मालाची धुरकट साय होती. मिस्त्री म्हणाले, सांधे धरू देत, साय मी उद्या हाताने पुसून काढतो. ठेकेदार म्हणाला, "दादा, तू घरी जा, मी बघतो." त्यांची पाठ वळली आणि त्याने नळाला नळी लावली. ती आपली भांडी घ्यायला परत आली तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: व्हरांडाभर घोटाभर पाणी, आणि ठेकेदार पँट वर खोचून झाडूने ते ढकलत होता.

ती ओरडली होती. तो हसून म्हणाला, "वहिनी, पाण्याने काय होतंय?"

काय होतं ते महिन्याभरात दिसलं. आधी डाग पडले, कुठे गडद कुठे फिके, अंगावर कोड उठावं तसे. मग पांढरा खार वर आला. पुसला की जायचा, वाळला की परत हजर. शेवटी सांधे भुगा होऊन चाकाच्या खुर्च्यांबरोबर दवाखानाभर पसरायला लागले. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. कामगार, रंगारी, नळवाले असे सगळे तिथे उभे होते. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाने झालं?

ठेकेदाराने खाली मान घातली, सुस्कारा सोडला, आणि अगदी जड जातंय अशा आवाजात म्हणाला, "साहेब, काय सांगू. माझा सख्खा भाऊ आहे. पण त्याचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. मालात पाणी किती घालायचं याचा अंदाज चुकतो त्याचा."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. तिने मिस्त्रींकडे पाहिलं. आता बोलतील, मग बोलतील. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. घरी आल्यावर ती फणफणली, तेव्हा एवढंच म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. तो उघडा पडला असता तर त्याला परत काम मिळालं असतं का?"

"आणि तुम्हाला मिळणार आहे का?"

काम पुन्हा मिळालं नाही. गावभर झालं की मिस्त्रीचा हात गेला. ज्यांच्या घरी त्यांनी फरशा बसवल्या ते लोकसुद्धा आपल्या फरशीकडे संशयाने बघायला लागले. ठेकेदाराने परत बोलावलं नाही. शेवटी मिस्त्री फरशीच्या एका दुकानात राखणीला बसले. दारात खुर्ची टाकून, येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठला माल कुठल्या रांगेत आहे ते सांगायचं. थापी त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. हिला मात्र कामं मिळत राहिली, कारण दोष मालाचा ठरला होता आणि माल मिस्त्रींनी कालवला असं ठरलं होतं. ज्या हाताने सांधे भरले तो सुटला, आणि ज्यांनी त्या दिवशी घमेल्याला हातही लावला नव्हता ते अडकले. हे तिच्या जिव्हारी लागलं. त्यांनी पोटात घातलं, तिच्याच्याने होईना. तिने ठरवलं होतं, एक दिवस याचं उट्टं काढायचं आणि याच पाण्याने काढायचं.

म्हणूनच जेव्हा जाऊ घरी येऊन म्हणाली, ताई, आमच्या बैठकीचे सांधे तुम्हीच भरा, दुसऱ्या कुणाचा हात मला नको, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. एवढी लगेच, की जावेलाच आश्चर्य वाटलं.

त्या संध्याकाळी तिला वाटलं होतं, मिस्त्री नाही म्हणतील, वाद होईल. ते तर खूश झाले. जेवताना म्हणाले, "ते डॉक्टरही येणार आहेत म्हणे घर बघायला. त्याला त्यांचं दुसरं काम हवंय. बरं झालं. तुझे सांधे त्यांना बघू देत."

"बघून काय होणार?"

"त्यांना कळेल की आपल्या घरात काम कसं होतं." हे बोलून ते परत जेवायला लागले, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ती मनात म्हणाली, किती भोळा हा माणूस. चांगला सांधा कधी कोणाला दिसलाय? दिसेल तो वाईटच, आणि तो दिसला की डॉक्टर म्हणेल, ज्याच्या स्वतःच्या घराचे सांधे असे त्याला मी काम कसं देऊ. तिचा हिशेब चोख होता.

---

पुढचे दिवस तिचे मजेत गेले. दुसऱ्यांच्या घरी ती नेहमीसारखे नीट सांधे भरायची, स्पंज कोरडा होईतो पिळायची, आणि मनाने दिराच्या बैठकीत असायची. आता डाग दिसायला लागले असतील. आता भोकं. भाजी निवडतानासुद्धा ती मध्येच हसायची. मिस्त्री विचारायचे, काय झालं, ती म्हणायची, काही नाही.

मग जावेचा फोन आला. सांध्यांवर पांढरं पांढरं काहीतरी येतंय, काय करू? आवाज रडवेला होता. सांधेवालीने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि शांतपणे सांगितलं, भरपूर पाण्याने धू, रोज धू. जितकं पाणी मुरेल तितका खार वर येणार, हे जावेला कुठून ठाऊक असणार? जाऊ म्हणाली, "बरं ताई. तुम्ही आहात म्हणून धीर येतो." फोन ठेवल्यावर सांधेवालीला कसंतरीच झालं. गुडघ्यांवर बसून जुन्या ब्रशने सांधे घासणारी जाऊ तिच्या डोळ्यांसमोर आली. पण मग तिला दुकानाच्या दारातली खुर्ची आठवली, आणि तिने ते कसंतरी झालेलं झटकून टाकलं. करावं तसं भरावं. नवऱ्याचं बायकोने भरावं लागतं, तिने नव्हतं का भरलं?

घर बघायला पाहुणे बोलावले होते त्या दिवशी मिस्त्री सकाळीच दुकानात सांगून आले, की आज येणार नाही. तिने पाहिलं तर ते इस्त्रीचा सदरा घालत होते.

हे तिने धरलंच नव्हतं. दवाखान्याच्या त्या दिवसापासून मिस्त्रींनी भावाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. ती म्हणाली, कशाला जायचं, त्याने धड बोलावलंही नाही. म्हणाली, तुमचे गुडघे दुखतात, जिने चढायचे आहेत. शेवटी म्हणाली, माझंच डोकं दुखतंय, नकोच जायला.

"तू पड मग," ते म्हणाले. "मी जाऊन येतो. डॉक्टर भेटले तर दोन शब्द बोलेन. इतके दिवस तोंड लपवून फिरलो, आज तुझ्या कामाच्या जोरावर बोलेन."

तिला त्या क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं असं कोणीही म्हणेल. पण त्यांनी आरशात बघून भांग पाडला होता, कितीतरी दिवसांनी. तिच्याने तोंड उघडवलं नाही. ती नुसती चपला घालून त्यांच्यामागे निघाली.

जावेने बैठकीत मोठा गालिचा अंथरला होता. त्यावर खुर्च्या, चहाचे कप, बिस्किटं. ठेकेदार हसत हसत सगळ्यांना भिंती दाखवत होता, छत दाखवत होता, खिडक्या उघडून दाखवत होता, आणि कोणी खाली बघू लागलं की त्याचा हात धरून पुढच्या खोलीत नेत होता. भावाला दारात बघून तो दचकला, मग तोंडभर हसला. "दादा, ये ना."

मिस्त्री आत आले, पण गालिच्यावर गेले नाहीत. फरशीवाल्याला आधी फरशी बघायची असते. ते दाराजवळ, गालिच्याच्या कडेला, दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत हळूच खाली बसले आणि सवयीने अंगठ्याचं नख सांध्यावरून ओढलं. पक्क्या सांध्यावर नख घसरतं. इथे ते रुतलं आणि माल पिठासारखा उकरून वर आला.

त्यांनी नखातलं पीठ बघितलं. मग आणखी थोडं पुढे, परत. भोकं बघितली, डाग बघितले, सांध्याची खाली बसलेली पातळी बघितली. आजारी माणसाची नाडी बघावी तसे ते एकेक सांधा बघत गेले. मग मान वर करून त्यांनी बायकोकडे पाहिलं. अडाणी हाताची चूक कशी असते आणि जाणत्या हाताने मुद्दाम केलेली कशी असते, हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळत होतं, आणि ते त्यांना कळलं.

ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"मिस्त्री ना तुम्ही?" डॉक्टर कप हातात घेऊन तिथे आले होते. वाकून त्यांनीही बघितलं. गालिच्याची कड पायाने सरकवली आणि आणखी बघितलं. "अरेच्चा. म्हणजे इथेही तेच?"

ठेकेदाराचा चेहरा उतरला. तिने ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो हाच, आणि क्षणभर तिला तो चाखताही आला. त्याच्या कपाळावरचा घाम तिने पाहिला. आता बोल, ती मनात म्हणाली, आता सांग कोणाचा हात गेला ते.

"साहेब, सांधे वहिनींनी भरलेत," ठेकेदार कसाबसा म्हणाला. "घरचीच माणसं आहेत, मला काय..."

"तुमचं काही नाही हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ठेकेदाराच्या खांद्यावर हात ठेवला. "उलट मला तुमची माफी मागायला हवी. खरं सांगू, तेव्हा माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता. मला वाटलं, तुम्ही आपलं भावावर ढकलताय. बरेच दिवस माझ्या मनात होतं की या म्हाताऱ्याला बोलावून एकदा विचारावं. नवरा-बायकोचं काम इथेही तसंच निघालं, आता कळलं, तुम्ही खरं तेच सांगत होता."

"साहेब, नळी मारली होती यांनी," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "सांधे ओले होते आणि भावजींनी नळी मारली दवाखान्यात. मी बघितलंय. विचारा त्यांना."

इतके दिवस दातांखाली धरून ठेवलेलं खरं शेवटी बाहेर आलं, ते अशा दिवशी आलं. पायांखाली तिच्याच हातचा भुगा होता. डॉक्टरांनी तिच्याकडे समजुतीच्या नजरेने पाहिलं. पाहुण्यांतल्या कोणीतरी खाकरलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं कोणी म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं. जाऊ नुसती तिच्याकडे बघत होती. तिचे दोन्ही हात घासून घासून लाल झालेले होते.

ठेकेदार हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

मिस्त्री भिंतीचा आधार घेऊन उठले. अंगठ्याचं नख त्यांनी सदऱ्याला पुसलं, त्या इस्त्रीच्या सदऱ्यावर कॉफी रंगाची रेघ उठली.

"साहेब, हे सांधे हिने नाही भरले," ते म्हणाले. "त्या दिवशी हिचा हात दुखत होता, म्हणून मी आलो होतो. माल मी कालवला. पाणी जास्त झालं. माझा हात आता पूर्वीचा राहिला नाही."

तेच शब्द होते, ठेकेदाराचेच. ते त्यांना पाठ होते हे तिला त्या दिवशी कळलं.

ती पुढे झाली तशी त्यांनी तिच्या दंडाला धरलं. घट्ट नाही, पण सोडलंही नाही. तिची कामं जाऊ नयेत, हिचा हात गेला असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी आपल्या नावाचं जे काही उरलंसुरलं होतं ते तिथे टाकून दिलं. सांधे भरले त्या दिवशी मिस्त्रींनी या घरात पाऊलही टाकलं नव्हतं, हे ठेकेदाराला पक्कं माहीत होतं. त्याची बायको तर दिवसभर तिथेच होती. दोघंही गप्प राहिले. तो लाजेने, ती कशाने कोण जाणे.

"भुगा काढून परत भरून देतो," मिस्त्री धाकट्याला म्हणाले. "पाहुणे जाऊ देत, सवडीने येतो."

घरी जाताना ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. वाटेत तिनेच कितीदा तरी तोंड उघडलं, पण म्हणायचं काय? त्याला उघडा पाडायला गेली आणि नवऱ्याला पुरतं बुडवून आली. हात दाखवून अवलक्षण. कोणी न विचारता, आपणहून.

---

मिस्त्रींनी माळ्यावरचं फडकं काढलं. थापीला गंज चढला होता, तो त्यांनी दगडावर घासून उतरवला. दुकानात सुट्टी टाकली आणि दोघं दिराच्या बैठकीत गेले. गालिचा गुंडाळून ठेवलेला होता. मिस्त्री गुडघ्यांवर बसले, बसताना कण्हले, आणि त्यांनी पत्र्याची टोकदार पट्टी घेऊन पहिल्या फटीतला भुगा उकरायला सुरुवात केली. तिने दुसऱ्या टोकाकडून. दिवसभर फक्त खरखर खरखर आवाज होत होता.

ठेकेदार दारात येऊन उभा राहिला. त्या दिवशी फोन खिशात होता.

"दादा, राहू दे," तो म्हणाला. "मी माणसं लावतो ना."

"माझी चूक आहे, मीच निस्तरतो," मिस्त्री मान वर न करता म्हणाले.

ठेकेदार तरीही उभाच राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते तिला दिसलं. एक वाक्य, बास. दादा, नळी मी मारली होती. तेवढं तो या रिकाम्या खोलीत बोलला असता तरी तिने सगळं माफ केलं असतं. त्याने ओठ पुसले आणि तो गेला. जिन्यावरून उतरताना त्याची पावलं मध्येच थांबली, मग परत वाजायला लागली. तिच्या मनातला डूख तसाच राहिला, फक्त आता तो कोणावर धरायचा ते तिला कळेना.

फटी साफ झाल्या तसा मिस्त्रींनी माल कालवला. एकच मग पाणी, तेही सगळं नाही. हळूहळू, फेस येऊ न देता. कालवून झाल्यावर घमेलं झाकून ते बाजूला बसले आणि मालाला मुरू दिलं. त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. ते बघायला त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मग तिने भरायला घेतलं. जाऊ स्वच्छ पाण्याची बादली आणून ठेवून गेली, चहाचं विचारलं नाही. माल नीट धरल्यावर तिने स्पंज बुडवला आणि पिळला. दोन्ही हातांनी, नखं तळव्यात रुतेपर्यंत पिळला, आणि सांध्यांकडे वाकली.

मिस्त्रींनी हात पुढे केला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने स्पंज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत धरून दाबला, थेंब पडत नाही हे पाहिलं, आणि काही न बोलता परत दिला.

तिने पुसायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला स्पंज पिळून झाल्यावर तिने स्वतःच तो आधी त्यांच्यापुढे धरला.